डावा म्हटलं की उजवा

गाडीला मागे ट्रेलर जोडायचा तर त्याच्या दिव्यांची वायरिंग तपासायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून दिवे लावायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडायचं. आमच्या वर्कशॉपमध्ये आत दादा बसायचा आणि ओरडायचे मी. सोळा वर्षं हेच चाललं. मी "डावा!" म्हटलं की तो हटकून उजवा लावायचा, माझं लक्ष आहे की नाही ते बघायला. मी "चूक!" म्हणून किंचाळले की आतून त्याचं खो खो हसू. असा संताप व्हायचा माझा! आठ महिन्यांपूर्वी दादा बसल्या जागी गेला. आता ब्रेक दाबायला मी सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवते.

त्या दिवशी एका मधवाल्याची गाडी आली होती, नवी कोरी. मधमाश्यांच्या पेट्या ट्रेलरवर चढवून त्याला संध्याकाळच्या आत घाट उतरायचा होता. सोबत बायको आणि म्हातारी आई.

"ताई, माश्या पेट्यांत बंद केल्यात," तो म्हणाला. "उशीर झाला तर गुदमरून मरतील हो." एवढं सांगून तो समोरच्या बाकावर जाऊन बसला.

या नव्या गाड्या भलत्या मानी. जुन्या गाडीला मागच्या दिव्याची वायर सोलून जोड मारला की झालं. नवी गाडी प्रत्येक दिव्याला किती करंट गेला ते मोजत बसते, आणि मध्ये कोणी जोड मारला की तिचं डोकं फिरतं. म्हणून ट्रेलरचे दिवे चालवणारी वेगळी डबी, म्हणजे मॉड्यूल, बसवायचं, त्याला थेट बॅटरीवरून फ्यूज घालून वायर आणायची. बॅटरी सोडण्याआधी गाडीला कुलूप लावून झोपू द्यायचं, म्हणजे आतलं सगळं आपोआप बंद होईपर्यंत थांबायचं. "झोपू दे गं तिला," दादा म्हणायचा. "झोपेतून उठवलं की तूसुद्धा अंगावर येतेस."

हे सगळं मी नीट केलं. फक्त एका ठिकाणी अंग चोरलं. अर्थिंगची वायर गाडीत तिच्यासाठी ठरवून दिलेल्या बोल्टला लावायची, तर डिकीचं अस्तर काढावं लागतं. मी ती ट्रेलरच्या हुकाच्या बोल्टलाच आवळली, तीसुद्धा रंग न खरवडता. दादाने बघितलं असतं तर पाना फेकून मारला असता.

मग बॅटरी जोडली आणि प्लगला तपासणीची फळी लावली. तिच्यावर ट्रेलरसारखेच दिवे असतात. गाडी झोपेत किती करंट खाते ते मोजायचं होतं, म्हणून कुलूप लावलं, किल्ली पत्र्याच्या डब्यात टाकली आणि वाट बघत थांबले. साडेतीन वाजले होते. ऊन अगदी दारापर्यंत आलं होतं. कंटाळून, निव्वळ सवयीने, मी म्हणाले, "डावा!"

उजवा लागला.

माझ्या हातातला मीटर खाली पडला. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. मी "ब्रेक" म्हटलं तर डावा लागला. "उजवा" म्हटलं तर ब्रेक. आणि दर वेळी क्षणभर उशिरा. दादाचं पोट स्टिअरिंगला अडायचं, म्हणून त्यालाही तेवढाच उशीर व्हायचा.

"चूक," मी म्हणाले. ब्रेकचा दिवा विझला.

मी काचेतून आत बघितलं. काठी मी ठेवली होती तिथेच, मागच्या सीटवर होती. मी बुटकी, म्हणून गाडी आत घेताना ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढून घेतली होती. आता ती शेवटच्या खाचेपर्यंत मागे होती. मी घाबरायला हवं होतं, पण खरं सांगते, आनंदाने ऊर भरून आला. मी परत मागे जाऊन उभी राहिले आणि पुन्हा "डावा" म्हटलं. मग पुन्हा. किती वेळ गेला कोण जाणे.

"आत कोण बसलंय?" मधवाला कधी आला ते कळलंच नाही.

"दादा," मी म्हणून गेले.

त्याने रिकाम्या गाडीत वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. "दिवे लागतायत ना, ताई? मग द्या की गाडी."

अर्थिंग कच्चं असलं की करंटला परतीची वाट मिळत नाही. मग तो भलत्याच दिव्यातून घुसतो. दिवे का चुकतात ते मला कळत होतं. पेडल कोण दाबतंय ते मात्र वायरिंगमध्ये बसत नव्हतं. घाटात याने ब्रेक मारला की मागच्या ट्रकवाल्याला नुसता डावा दिसणार, आणि याची आई मागच्या सीटवर. गाडी उद्यावर टाकावी तर माश्या मरणार. आणि अर्थिंग नीट केलं की दिवे सरळ उत्तर देणार. दादाने मला सरळ उत्तर कधीच दिलं नव्हतं.

"उद्या या," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले. "अर्धा तास थांबा," मी म्हणाले. "माझंच चुकलंय."

बॅटरी सोडली. अस्तर काढलं. वायर तिच्या जागी नेली आणि बोल्ट आवळला. सगळं वेळेत झालं, हात एकदासुद्धा थरथरला नाही याचा मला रागच आला. बॅटरी जोडून गाडीला कुलूप लावलं, किल्ली डब्यात टाकली आणि गाडी झोपेपर्यंत थांबले.

"डावा!"

काहीच नाही.

"उजवा! ब्रेक!" फळी काळीच राहिली. "अरे, चुकीचा तरी लाव ना रे," मी म्हणाले.

शेवटी मी किल्ली मधवाल्याच्या हातात दिली आणि त्याला आत बसायला सांगितलं. सीटवर टेकताना तो जरा कचरला. मी मागे उभी राहून ओरडत गेले. डावा म्हटलं, डावा लागला. उजवा म्हटलं, उजवा लागला. ब्रेक म्हटल्याबरोबर दोन्ही लाल दिवे झगझगीत पेटले, जराही उशीर नाही. तेव्हा मात्र मी फळी धरून खाली बसले आणि रडले.

"ताई," तो खिडकीतून घाबरून ओरडला, "चुकलं का काही?"

"नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही."