शांत पाण्याची वाट

आश्विनातली सकाळ. पावसाने धुऊन काढलेले नितळनिळे आभाळ आणि त्याखाली शंखवेळ गावाचा अर्धचंद्राकृती किनारा. शुभ्रफेनांकित, सूर्यकिरणचुंबित, लाटांच्या कल्लोळाने दणाणलेला. दूरच्या कुठल्याशा वादळाने धाडलेल्या लाटा आज किनाऱ्याला भेटायला येत होत्या. मंद मंद येत होत्या, उंच उंच होत होत्या, आणि धाडकन फुटून सहस्र स्फटिकांनी उधळत होत्या.

टेहळणीच्या मचाणावर उभी होती दर्शना कुबल. चोवीस वर्षांची, तांबड्या-पिवळ्या गणवेशातली, शंखवेळेची पहिली स्त्री जीवरक्षक. आज कामाचा पहिला दिवस. काळीज लाटांच्या ठेक्यावर उसळत होते.

कारण समुद्र बदलला होता!

कालपर्यंत पाण्याची आत खेचणारी ओढ होती उत्तरेच्या खडकांपाशी. धोक्याचे लाल बावटेही तिथेच. आज मात्र किनाऱ्याच्या ऐन मध्यावर, फुटणाऱ्या लाटांच्या दोन शुभ्र रांगांमध्ये, एक पट्टी उमटली होती. श्यामनील, गुळगुळीत, निःशब्द. तिथे लाट फुटत नव्हती. तिथे फेस उलटा, समुद्राकडे चालला होता. लाटांनी किनाऱ्यावर ओतलेले सारे पाणी, रात्रीत वाळूत नवा चर पाडून, त्याच वाटेने माघारी धावत होते.

"काका, बावटे हलवूया. ओढ मधी इली हा."

मयेकरकाका वीस वर्षे हा किनारा राखत होते. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. "अगो, काल हयच सगळी पोहत होती मगे!"

"कालचो समुद्र काल होतो, काका. रात्री वाळू सरकली हा."

ते पाहत राहिले. एक लाट, दुसरी लाट, सातवी लाट. मग खडकांपाशी जाऊन त्यांनी बावटा उपटून खांद्यावर घेतला.

पण पहिला बावटा मध्यावर पोचण्याआधीच बसमधून रंग सांडले. बीडकडच्या बायका; जांभळ्या, केशरी, पोपटी लुगड्यांचा हसरा थवा. त्यांत गयाबाई ढाकणे, निवृत्त अंगणवाडीसेविका, अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्या. गर्जत्या लाटांना त्या बिचकल्या आणि शांत पाणी शोधू लागल्या. ते सापडले.

"हिकडं या गं! हितं लाटाच न्हाईत!"

पाणी गुडघ्याला आले. कमरेला आले. आणि पायाखालची वाळू निसटली.

किंकाळी उठली. शिट्टी घुमली. दर्शना मचाणावरून उडी टाकून धावली. तांबडा तरंगता पट्टा पाठीमागे फडफडत धावला. ती शुभ्र लाटांकडे वळली नाही. त्याच श्यामनील वाटेत तिने स्वतःला झोकून दिले. ज्या ओढीने त्या बाईला नेले, तीच ओढ हिलाही नेणार होती. वेगाने, सरळ, बाणासारखी!

किती अफाट ते नेणे! सारा समुद्र जणू आत श्वास घेत होता. दर्शनाच्या अंगाअंगातून भय वाहिले, आणि भयातून आनंद वाहिला. तिने मचाणावरून ओळखलेली पाण्याची चाल खरी निघाली होती.

गयाबाई किनाऱ्याकडे हात मारत होत्या. जीव खाऊन मारत होत्या, आणि तसूभरही सरकत नव्हत्या.

"बाई, हात मारू नका! हा पट्टा धरा, घट्ट! ही ओढ तळाला नेत नाही, नुसती लांब नेते."

गयाबाईंनी पट्टा कवटाळला. दर्शना किनाऱ्याला समांतर, आडवी पोहू लागली.

"आगं, किनारा तिकडं ऱ्हायला!"

"ठाऊक आहे. आधी हिच्यातून बाजूला निघायचं. पाय हलवा!"

एक हात. दहा हात. चाळीस हात. दंड पेटले, श्वास खारट झाला. आणि एकाएकी पाण्याने मूठ उघडली. पुढे होती फेसाळ गर्जना, तीच, जिला गयाबाई बिचकल्या होत्या. मागून एक लाट उठली, हिरवी, पारदर्शक, गजगामिनी. तिने दोघींना अलगद उचलले आणि शुभ्र उन्मादात किनाऱ्याकडे भिरकावले. छातीभर पाण्यात उभ्या मयेकरकाकांनी गयाबाईंचा दंड पकडला.

"इली गो, इली!" ते ओरडले.

वाळूवर रडणे झाले, चहा झाला, अंगावर कोरडी चादर आली. बायका म्हणाल्या, चला, बसमध्ये बसा. गयाबाई उठल्या, पण बसकडे वळल्या नाहीत.

"अठ्ठावन्न वर्सांनी समुद्र बघितला. भिऊन न्हाई जायची मी." त्यांनी दर्शनासमोर हात पसरला. "पोरी, कुठं उतरायचं, ते तू दाव."

दर्शनाने तो हात धरला. जिथे लाटा फुटत होत्या, फुटून फुटून उथळ होत होत्या, तिथे दोघी घोट्याभर पाण्यात गेल्या, गुडघाभर पाण्यात थांबल्या. लाट आली. गयाबाईंचे पोपटी लुगडे फेसावर पानासारखे पसरले, मिटले, पुन्हा पसरले. आणि त्यांचे हसू पाण्यावरून गेले, दूर गेले, लाटेमागून लाटेत, उन्हामागून उन्हात, मिसळत मिसळत गेले.