बुंदीचं सुतक

माझी बायको राजाबाई गेली हे मला बेकरीत कळलं. ती दवाखान्यात होती, तिच्याजवळ तिचा भाऊ भगवान बसला होता. मी कामोठ्याला घरी आलो होतो आणि बुंदीसाठी टोस्ट घेत होतो. भगवानचा फोन आला. "दाजी, असाल तसं या," म्हणाला. मी विचारलं, "का रं?" तर पुढे बोलेचना. टोस्टची पिशवी हातात घेऊनच मी रिक्षात बसलो.

बुंदी म्हणजे आमची कुत्री. पांढरी, केसाळ, मांजराएवढी, आणि आता म्हातारी. तिला आणली राजाबाईनं आणि सांभाळली पण तिनंच. मी वाशीच्या मार्केटात गोण्या उचलून घरी यायचो तेव्हा ती माझ्यावर भुंकायची, एवढीच आमची ओळख. राजाबाई तिला भाकरीचा काला करून द्यायची. दुधात भाकरी भिजवून बोटांनी अगदी लगदा करायची आणि पुढ्यात बसून चारायची. मला वाटायचं, लेक सासरी गेली, आता हिचे लाड चाललेत.

मला भाकरी येत नाही. म्हणून राजाबाईच्या माघारी मी टोस्ट टाकायचो. बुंदी यायची, हुंगायची, माझ्याकडे बघायची आणि खाटेखाली जाऊन बसायची. दूध तेवढं थोडं चाटायची.

घरात माणसं जमली होती. भगवाननं ते बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, ही सुतक पाळतीया. बघा की, आक्का गेली तसं हिनं अन्न सोडलं."

बायका रडायला लागल्या. माझी लेक उत्कर्षा खाली बसली आणि बुंदीला जवळ घ्यायला गेली. तिनं गालावर हात ठेवला तशी बुंदीनं मान झटकली.

"आबा, तिला कुणी नकोय," उत्कर्षा म्हणाली. "तिला आईच पाहिजे."

मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. मी स्वतः दोन वेळा जेवत होतो. शेजारचे डबे आणत होते आणि मला भूक लागत होती, त्याची लाज वाटायची. निदान कुत्री तरी उपाशी आहे, राजाबाईसाठी कुणीतरी अन्न सोडलंय, असं मनात यायचं.

तेराव्याला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी विलास आला. त्यानं बुंदीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग लोक भेटायला यायचे ते माझ्याआधी तिला भेटायचे. वरच्या मजल्यावरच्या एका म्हातारीनं तिला कुंकू लावलं. "मागच्या जन्मीची लेक हाय ही राजाबाईची," म्हणाली. मी आल्यागेल्याला खाटेखाली वाकून दाखवायचो. "कालपासून शिवली नाही," असं सांगायचो. सांगताना आवाज चढायचा माझा.

पाहुणे गेले. घर झाडायला म्हणून मी खाट सरकवली. मागे भिंतीला लागून टोस्टचे तुकडे पडले होते. चाटून चाटून मऊ झालेले, काही वाळलेले. तुकड्यांवर रक्ताचे डाग होते.

मी तिथंच खाली बसलो. ती खायला बघत होती. आम्ही तिकडं सुतक सुतक म्हणत होतो आणि आमची पाठ फिरली की ही टोस्ट तोंडात धरून आत न्यायची, खायला धडपडायची. मी तिला ओढून मांडीवर घेतलं. तोंडाला घाण वास येत होता. इतके दिवस तो वास मला आला नव्हता, कारण मी तिला कधी जवळच घेतलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर सुगत तरुण आहेत. त्यांनी हलक्या हातानं ओठ वर केला आणि लगेच सोडला.

"किती दिवस खात नाही ही?"

मी सांगितलं. बायको गेल्याचं सांगितलं. सुतक पाळते असं लोक म्हणतात, हेही तोंडातून गेलं.

"सुतक वगैरे नाय हो काका. दाढांच्या मुळाशी पू झालाय. भूक तर सॉलिड लागलीय हिला. आधी काय खायची?"

"काला. माझी बायको अगदी लगदा करून द्यायची."

"मग काकूंना कळलं असणार हिला चावत नाही ते," डॉक्टर म्हणाले. "तुमाला नाय बोलल्या?"

बोलली असेलही. मी ऐकलं असेल असं नाही.

त्यांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, आणि अंगात ताकद आल्यावर भूल देऊन दात काढले. पुढचे थोडे राहिले, बाकी सगळे गेले. तिला परत माझ्याकडे दिली तेव्हा जीभ एका बाजूनं बाहेर लोंबत होती. अडवायला तिकडं दातच नव्हते. डॉक्टरांनी समजावलं. मऊच द्यायचं, कोमट द्यायचं, मीठ, कांदा, लसूण नाही. दुखण्याचं औषध ते सांगतील तसंच. जबरदस्ती करायची नाही, आणि दिवसभर काहीच घेतलं नाही तर लगेच फोन करायचा.

मी भात शिजवला, कोंबडीचं बिनमिठाचं पाणी घातलं आणि हातानं मळला. गोण्यांचा हूक धरून माझी बोटं जाड झालीत. भात कालवायला ठीक, पण शितं मोडत नव्हती. मग गाळणीतून घासून काढला. वाटीत घालून पुढे ठेवला. बुंदीनं तोंड घातलं, टाक्यांना वाटीची कड लागली आणि ती केकाटून मागे सरली. परत वाटीकडं बघेना.

बोटावर घेऊन तोंडाशी नेलं तर तिनं मान फिरवली. तीच मान, जी मी लोकांना दाखवत होतो. मी बोलायला लागलो. "खा गं बाई. चुकलं माझं. खा."

मग ताटली घेतली, सपाट, बिनकडेची. भात निवला होता म्हणून परत कोमट केला, त्याला वास सुटला. ताटलीवर पातळ पसरला आणि मी बाजूला होऊन जमिनीवर आडवा झालो, तिच्याकडं न बघता. बऱ्याच वेळानं चपचप आवाज आला. जीभ वाकडी पडत होती, अर्धा भात फरशीवर सांडत होता, पण ती चाटत होती. सांडलेला मी बोटानं उचलून पुढे केला, तो बोटावरून घेतला. कधी नव्हे ते माझ्या हातचं खाल्लं.

तेवढ्यात विलास आला. दार उघडंच होतं.

"अरे वा! सोडला उपास?" तो म्हणाला. "काका, काय सांगू तुमाला, अंगावर काटा आला. काकूंनीच सांगितलं असणार तिला. स्वप्नात येऊन."

बुंदीच्या पायाला सलाईनची पट्टी होती. ती त्याला दिसली नाही. मला सांगता आलं असतं. औषधाची बाटली माझ्या हाताशी होती.

"हो," मी म्हणालो.

"थांबा, एक फोटो घेतो. जीभ काय काढलीय बघा, लबाड!"

संध्याकाळी उत्कर्षाचा फोन आला. फोटो तिच्यापर्यंत गेला होता. रडत होती, पण रडण्यात आनंद होता. "आबा, आईचा जीव आता सुटला बघा. सासूबाई पण म्हणाल्या, असं जनावर नशिबानं मिळतं."

सांगितलं तर तिच्या आईसाठी कुणी उपाशी राहिलंच नव्हतं असं होईल. आणि तिच्या आईची कुत्री बापानं उपाशी ठेवली, हेही कळेल. या दोन्हींत मला कशाची जास्त भीती वाटली, ते मला माहीत आहे.

"हूं," म्हणालो मी.

आता बुंदी रोज खाते. टाके विरघळत आलेत, डॉक्टर म्हणाले चांगलं आहे. भाताबरोबर काला पण खाते, भाकरी मी शेजारून आणतो. सोसायटीत अजून कुणी नवीन आलं की विलास त्याला सुतकाची गोष्ट सांगतो, आणि मी तिथं उभा असतो.

उत्कर्षाला मी अजून खरं सांगितलेलं नाही.