मशाकाचा निळा रंग

मशाकाने अर्धा डबा निळा रंग फुकट दिला, तेव्हाच माझ्या मालकाने स्वतःला विचारायला हवं होतं, यात मशाकाचा फायदा काय? जो माणूस सासऱ्याला होडीत घेतानाही आधी भाड्यासाठी हात पुढे करतो, तो दुसऱ्याच्या होडीला रंग देतो? पण माझा मालक स्वेदी तेव्हा लग्नाच्या विचारात होता. अशा माणसाला फक्त स्वतःचाच फायदा दिसतो.

मित्रांनो, मी ती रंगवलेली होडी. आता जुनी झाले आहे. टांगानिका सरोवराच्या काठी लुसांबा हे आमचं बंदर. बंदर आपलं म्हणायचं. धक्का नाही, रस्ताही नाही. आगबोट दूर खोल पाण्यात थांबते आणि भोंगा देते. मग किनाऱ्यावरच्या आम्ही सगळ्या होड्या तिच्याकडे धावतो. आगबोटीच्या पोटाला एक दार आहे. त्यातून माणसं, कोंबड्या, साखरेची पोती आणि रडणारी मुलं आमच्यात उतरतात.

मला स्वेदीच्या वडिलांनी याच वाळूवर बांधलं. फळ्या जोडल्या आणि प्रत्येक सांध्यात पामतेलात बुडवलेला कापूस ठासून भरला. तेव्हा ते म्हणाले होते, "पोरा, हिला तहानलेली ठेवू नकोस." लाकूड पाण्यात असलं की फुगतं, फुगलं की सांधे मिटतात. होडीचं सारं आरोग्य एवढ्यातच असतं. मी त्या जोरावर शाळेची घंटा आणली, गवती छपरांऐवजी आलेले पहिले पत्रे आणले, नवऱ्या आणल्या, एकदा एक शवपेटीही आणली. लोक म्हणायचे, "स्वेदीच्या होडीत बसलं की कपडे कोरडे." हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या होडीतून पाहुणा किनाऱ्याला लागतो, त्याचं पहिलं जेवण त्या होडीच्या घरी. मग तो कोणाकडे का आलेला असेना!

त्या वर्षी पाहुणी म्हणून येणार होती म्वासिती आत्या. तिची भाची तौसी एकदा कोणाच्या तरी मयतीसाठी माझ्यातून उतरली होती. येताना तिने, कोणी न सांगता, डबा उचलून माझ्या तळातलं पाणी उपसलं होतं. स्वेदीने तेव्हापासून तो डबा दुसऱ्या कोणाला वापरू दिला नाही. त्याने मागणी घातली. उत्तर आलं, की आधी आत्या येऊन मुलगा बघेल. आमच्या भागात आत्याने नाही म्हटलं, की बापाचं होही फिकं पडतं.

आता मशाकाचा हिशेब ऐका. त्याचा धाकटा भाऊ जुमान्ने बिनलग्नाचा. तौसीचं नाव त्याच्याही कानावर होतं. आत्या मशाकाच्या होडीतून उतरली, तर पहिलं जेवण मशाकाच्या घरी. आणि मशाकाच्या आईचा हात आणि जीभ अशी, की तिच्याकडे एकदा जेवलेला माणूस मग दुसऱ्या कोणाचा उरत नाही.

"भाऊ, पाहुणी येते आहे. होडी नवरीसारखी दिसली पाहिजे," असं म्हणत मशाकाने डबा पुढे केला. रंग ओल्या लाकडावर बसत नाही, हे मशाकाला पक्कं ठाऊक होतं. स्वेदीने मला वाळूवर ओढलं आणि उन्हात सुकवलं.

त्याची थोरली बहीण आशुरा विधवा होती. मासळी धुरावर वाळवायचा तिचा धंदा. ती धुरातून डोळे पुसत म्हणाली, "होडी पाण्यात टाक, स्वेदी. लाकूड तडकतंय. कळतं का तुला काही?"

"टाकतो गं ताई. आगबोट यायला अवकाश आहे. दोन दिवस पाण्यात राहिली की फुगेल."

"आणि आधीच आली तर?"

यावर किनारा हसला. मशाका हसला. मीही हसले असते. आमची आगबोट वेळेवर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिच्या उशिराच्या भरवशावर इथे लोक भात शिजायला टाकतात, दाढी करतात, भांडणं पुढे ढकलतात.

"हे बघ," आशुरा म्हणाली, "या लाकडामुळे तुझं लग्न मोडलं, तर ते लाकूड माझ्या चुलीत जाईल. सांगून ठेवते."

त्या दिवशी दक्षिणेच्या बंदरात मका चढलाच नाही, म्हणून आगबोट लवकर सुटली. भर सकाळी भोंगा वाजला. माझ्या अंगावरचा रंग अजून बोटाला चिकटत होता आणि माझे सांधे भेगाळून उघडे पडले होते. स्वेदीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्याने मला पाण्यात ढकललं. मशाकाची यंत्राची होडी तोवर गुरगुरायला लागली होती, पण तिचं यंत्र सकाळी नेहमीच रुसतं. आम्ही आधी पोहोचलो.

आत्या दारातून उतरली. अंगाने भरलेली बाई. एका काखेत उशी, दुसऱ्या हातात पामतेलाचा कॅन, तोही यजमानांसाठी आणलेला. ती माझ्या रंगवलेल्या बाकावर बसली आणि बाकाने तिला धरून ठेवलं.

"शिकामो, आत्याबाई," स्वेदी वाकून म्हणाला. थोरांना असंच वंदन करतात. त्याच्या घोट्याला तेव्हा पाणी लागलं होतं, पण आधी वंदन, मग बुडणं.

"माराहाबा, बाळा." आत्याने रीतसर उत्तर दिलं आणि मग खाली पाहिलं. "हे काय? सरोवर बाहेर असतं ना रे?"

"थोडं आत येतं, आत्याबाई."

"थोडं? माझे पाय मासे बघायला निघालेत!"

स्वेदी एका हाताने वल्हं मारत होता, दुसऱ्याने तौसीचा तो डबा घेऊन उपसत होता. पाणी ऐकेना. त्याने अंगातला नवाकोरा शर्ट काढला, फाडला आणि सर्वांत मोठ्या भेगेत कोंबला. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! मी सगळ्या फळ्यांनी पाणी पीत होते आणि फुगायचा प्रयत्न करत होते. पण आठवडाभराची तहान अशी घटकाभरात भागत नाही.

तेवढ्यात मशाका शेजारी आला. त्याची होडी खडखडीत कोरडी. "आत्याबाई, या इकडे! तो तुम्हाला आंघोळ घालून नेणार. आमच्या आईने मिगेबुका मासा तळायला घेतलाय, वास इथवर येतोय की!"

आत्या उठली नाही. तिने स्वेदीला विचारलं, "खरं सांग. ही रोज गळते, की माझ्यासाठी खास?"

"आजच. रंगवायला सुकवली. आगबोट उशिरा येणार, असं धरून चाललो."

"आज गळणार, हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग आलास कशाला, मूर्खा?"

स्वेदीने मशाकाकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "नसतो आलो, तर तुम्ही त्यांच्याकडे जेवला असतात."

आत्याने उशीची शिवण दातांनी उसवली, मूठभर कापूस काढला, पामतेलाच्या कॅनमध्ये बुडवला आणि स्वेदीच्या अंगावर फेकला. "बघतोस काय? ठास! त्या फटीत. नाही, डावीकडची. बापाने होडी शिकवली की नुसती दिली?"

"आत्याबाई, येताय ना?" मशाकाने पुन्हा विचारलं.

"तुझी होडी छान आहे रे बाबा," आत्या कापूस ओढत म्हणाली. "पण माझी अर्धी उशी आता या होडीत गेली आहे. ती सोडून तुझ्याकडे कशी येऊ?"

तेलात भिजलेला तो कापूस माझ्या सांध्यांत बसला. म्हातारीच्या डोक्याखालची ऊब होती त्याला. मी सगळा जोर लावला आणि त्याला घट्ट धरलं. आम्ही हळूहळू, पण किनाऱ्याला लागलो.

आत्या उठून चालायला लागली आणि सारा किनारा ओरडला. तिच्या पाठीमागे, कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या कापडावर, माझ्या बाकाचे निळे पट्टे उमटले होते. तिने मान वळवून पाहिलं. "चला, शिक्का बसला," ती म्हणाली आणि तशीच आशुराच्या घरी जेवायला गेली. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, मासा आणि कॅनच्या तळाला उरलेलं तेल. आशुराने जेवण वाढता वाढता मला चुलीत घालायचा विषय काढला.

"जाळतेस कशाला?" आत्या घास घेत म्हणाली. "पाण्यात नेऊन सोड. मुलगा वेंधळा आहे, पण विचारलं तेव्हा खोटं बोलला नाही. होडीही तशीच. गळत होती, ती उघडपणे गळत होती."

त्यांनी मला उथळ पाण्यात दगड भरून बुडवून ठेवलं. मी पोटभर प्याले आणि माझे सांधे मिटले. पुढे तौसी आली ती माझ्याच बाकावर बसून, आणि तिच्या कमरेला तो पट्ट्यांचा कांगा होता.

मित्रांनो, आज माझा निळा रंग फक्त खाचांत उरला आहे. स्वेदी पांढरा झाला. हल्ली मुलं मला वाळूवर ठेवून माझ्यात बसून फोटो काढतात, आणि मग पाण्यात टाकायला विसरतात. एकच मागते. तुमच्या घरात कोणी जुनं असेल, होडी असो की माणूस, तर त्याला शोभेसाठी उन्हात मांडून ठेवू नका. त्याला त्याचं काम द्या, त्याचं पाणी द्या. त्याच्या भेगा त्यानेच मिटतात.

राहिला हिशेब. आत्याची उशी गेली, ती तौसीने नव्या कापसाने भरून दिली. कांगा गेला, त्याच्या बदल्यात स्वेदीने नव्या कांग्यांची जोडी दिली. स्वेदीचा शर्ट गेला, बायको आली. आशुराचं सरपण गेलं, पण धुरात बसायला भावजय मिळाली. ज्याचं त्याचं ज्याला त्याला मिळालं. त्या लग्नात ज्याचं गेलं आणि परत काहीच आलं नाही, असा माणूस एकच. मशाका. त्याचा अर्धा डबा निळा रंग.