काकूंना दाखवायचा शनी

माझ्या आरशाच्या कडेपासून अकरा मिलिमीटर आत बुरशीचा एक डाग आहे. मोहरीएवढा. गेल्या वर्षी तो टाचणीच्या डोक्याएवढा होता. त्याने फारसं बिघडत नाही. आरसा दीडशे मिलिमीटरचा आहे आणि त्यातून चंद्र अजूनही खड्ड्यांसकट दिसतो. पण बुरशी धरली, म्हणजे मी फार दिवस झाकून पडले होते, एवढं त्यावरून कळतं.

मित्रांनो, मी एक दुर्बीण आहे. स्वतःला जुनी म्हणवत नाही, कारण जुनं व्हायला आधी वापर व्हावा लागतो.

कारखान्यात माझा आरसा तासन् तास घासला गेला. मग त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढला आणि मी खोक्यात गेले. खोक्यावर ‘सहाशे पट मोठं दाखवते’ असं छापलं होतं. दुकानातल्या बाई मात्र सरळ होत्या.

“ते मनावर घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “स्थळ सुचवताना मुलाची उंची सांगतात ना, तसं आहे ते. पण शनीची कडी बघायचीत, तर खोक्यातल्या या भिंगातूनसुद्धा दिसतील.”

मला घ्यायला आलेले काका वजनकाटे दुरुस्त करायचे. सोबत काकू होत्या. “लहानपणी पुस्तकात पाहिला होता शनी,” काकू हसून म्हणाल्या. “मला वाटलं, टोपी घातलीय.”

काकूंना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की नजर कडेकडून आक्रसत जाईल, मधली सगळ्यात शेवटी जाईल, आणि गेलेली परत येणार नाही. शनी मधल्या नजरेत सहज मावतो. म्हणून तर घाई करून मला आणलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी काकांनी मला गच्चीवर उभं केलं. शनी सापडला. कडीही दिसली. पण वाऱ्याची झुळूक आली आणि माझा स्टँड थरथरला.

“हलतंय,” काका म्हणाले.

“अहो, हलू दे की! मी काय तो तोलून घेणार आहे?”

“थांब गं. काटा थरथरत असताना मी गिऱ्हाइकाला तराजू देत नाही. तुला बरा देईन!”

हे त्यांच्या धंद्याचं व्रत होतं. काटा शून्यावर निश्चल थांबल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर जायची नाही. त्यांनी माझ्यावर झाकण घातलं, आणि काकू पायऱ्या उतरून गेल्या.

नवा, जड स्टँड यायला वेळ लागला. तोवर शनी सूर्याच्या आड गेला होता. पुढच्या वर्षी स्टँड हलेना, पण पृथ्वी फिरते ना! शनी भिंगातून हळूहळू सरकत बाहेर जायचा. काकांना तेही खपेना. मग मोटर आली. मोटरने बारीक उसळी मारायला सुरुवात केली, म्हणून तिचे दाते नव्याने घासणं आलं. एकेक दाता. हातात काम असलं, की काकांना दिवस कळत नसे.

काकू म्हणायच्या, “घरात सवत आणलीत, आणि तिलाही नांदवत नाही.”

काका हसायचे. रोज आठाच्या ठोक्याला काकूंच्या डोळ्यांत औषधाचे थेंबही तेच घालायचे. एक थेंब कधी चुकला नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी कॅमेरा घेतला. शनीचा फोटो काढून तो भिंतीएवढा करून दाखवायचा, असा बेत. पण कॅमेरा जोडला, तर चित्र स्पष्ट होईना. माझी प्रतिमा जिथे जुळते, ती जागा भिंग बसवायच्या नळीच्या तोंडाशीच आहे, आणि कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापासून दोन सेंटिमीटर मागे राहत होता. विकत घेण्याआधी हे कुणाला विचारावं, असं काकांच्या मनात आलं नव्हतं. आरसा पुढे सरकवायला त्यांनी मला पूर्ण खोललं. जवळजवळ वर्षभर मी जिन्याखाली कापडात पडून होते. तिथेच मला बुरशी लागली.

तिथून मला काकूंची पावलं ऐकू यायची. आधी ती सरळ पडायची. मग त्या पायऱ्या मोजू लागल्या, मनातल्या मनात नाही, पुटपुटत.

अखेर काकांनी मला पुन्हा जोडलं. परवा संध्याकाळी त्यांनी मला शनीवर रोखलं, मोटर सुरू केली आणि पाना आणायला खाली गेले. काकू एकट्याच वर आल्या. चाचपडत त्यांनी भिंग शोधलं आणि डोळा लावला. त्या वेळी माझ्याकडे जे होतं, ते सगळं मी त्यांना दिलं. शनी मधोमध होता, कडीसकट, अगदी स्थिर.

काकूंनी डोळा बदलला. पुन्हा पहिला लावला. मग हात लांब करून माझ्या तोंडापाशी बोटं फिरवली. झाकण काढायचं राहिलं असेल, असं त्यांना वाटलं.

झाकण काढलेलं होतं.

बोटं थोडा वेळ तिथेच राहिली. मग पदराने त्यांनी माझी कड पुसली आणि कठड्याला धरून खाली गेल्या. काकांना त्या काही बोलल्या नाहीत.

मित्रांनो, मला पुसू नका, मिरवू नका, माझ्यासाठी भारी सामान घेऊ नका. हलत्या स्टँडवरून, साध्या भिंगातून दाखवा. पण ज्याला दाखवायचं आहे त्याला त्याच संध्याकाळी बोलवा. माझ्या बाबतीत हे सांगण्याचा आता उपयोग नाही, पण तुमच्याकडे एखादी असेल.

आज वारा नाही. काकांनी मघापासून अर्धा तास भिंगाला डोळा लावून ठेवला होता. मोटरची उसळी नाही, थरथर नाही, शनी जागचा हलत नाही. कॅमेरा त्यांनी आज स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवून दिला. मग ते जिन्याच्या तोंडाशी गेले. चार वर्षांत मी त्यांचा आवाज इतका मोकळा ऐकला नव्हता.

“अगं, झालं! ये वर. आज तू बघ.”