पुष्पाबाईची मिसरी

"काका, सच बोलो. बीडी अभी भी चालू है ना?"

डॉक्टरबेननं पायाची पट्टी सोडवली, अंगठ्याकडे पाहिलं आणि थेट हेच विचारलं. बन्सीलाल टेबलावरून उठायलाच निघाला.

"कानबाई मायनी आन, बेन! बिडीले हात लाया नही मी!" रागाच्या भरात देवीची शपथ घेताना त्याला हिंदीसुद्धा सुचेना.

शेजारी स्टुलावर बसलेल्या पुष्पाबाईनं मान हलवून साक्ष दिली. नवऱ्याचे सगळे दोष तिला तोंडपाठ होते, पण खोटं बोलणं त्यात नव्हतं.

मग अंगठा सुधारत का नाही? काळा पडलेला भाग उलट वर सरकला होता. बिडीनं पायाच्या नसा आवळल्या आहेत, बिडी सुटली तर पाय राहील, नाहीतर कापावा लागेल, असं डॉक्टरबेननं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पांडेसरा भागातल्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर दिवसभर उभं राहायचं, हीच बन्सीलालची आयुष्यभराची नोकरी. त्याच्याच खात्यातला राघो असाच गुडघ्यापासून पाय घालवून गावी गेला होता. आता तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो म्हणे.

"गुटखा खाते हो? खैनी?"

"नही."

"मुंह खोलो."

डॉक्टरबेननं बॅटरी मारली. हिरड्या काळ्याकुट्ट. "ये क्या लगाते हो?"

"मिसरी," बन्सीलाल निरागसपणे म्हणाला. "दात घासाले."

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. डॉक्टरबेननं कपाळावर हात मारला. "काका, ये तंबाकू ही है! बीडी छोडी और ये पकडी? इससे पैर कैसे बचेगा?"

"पन हाई ते दात घासानं भुकं शे ना, बेन."

हसू नका. मिसरी ही दात घासायची भुकटी, असंच आमच्याकडे पुष्कळ घरांत मानतात. बिडी हे व्यसन, दारू हे व्यसन, आणि मिसरी म्हणजे सकाळचं तोंड धुणं. बिडी सुटल्यापासून बन्सीलाल ऊठसूट दात घासायला लागला होता. जेवण झालं की घास, चहा झाला की घास, मिलमध्ये जाताना खिशात पुडी. बायकोच्या डबीतूनच घ्यायचा आणि तिच्या देखत घ्यायचा. लपवायचं काय त्यात?

बिडी सोडताना मात्र त्यानं खरोखर जिवाचं रान केलं होतं. खात्यातल्या सुपडूनं एका दिवसात सोडली, पुन्हा नाव काढलं नाही आणि वर सगळ्यांना उपदेश करत फिरला. धुडकूनं चारदा सोडली आणि चारदा धरली. बन्सीलालचं या दोघांच्या मधलं काहीतरी झालं. झोप उडाली, जेवणावरून भांडणं. पण सगळं खातं त्याच्या पाठीशी होतं. कुणी बडीशेप आणून दिली, कुणी वेलदोडे. सुपरवायझरनंही पाठ थोपटली. पाय गेला तर काय, ही धास्ती सगळ्यांनाच होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर बन्सीलाल खाटेवर टेकला. मग म्हणाला, "कुंदननी माय, मी सोडी देस मिसरी. तू तुनी चालू ठेव. फक्त डबी दपाडी ठेव, माले सापडाले नको."

पुष्पाबाईनं चारी भिंतींकडे पाहिलं. एकच खोली. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात गॅस, मधे खाट.

"एवढीशी खोली. कोठे दपाडू?" ती म्हणाली. "अन् भाजाना वास कोठे दपाडू?"

ती उठली. डबी उघडून एकदा वास घेतला आणि सगळी मिसरी मोरीत ओतली. वरून दोन तांबे पाणी टाकलं.

हे सांगायला सोपं आहे. पुष्पाबाईला मिसरी लावली ती तिच्या सासूनं. कुंदन पोटात होता, मळमळ थांबेना, तेव्हा सासूनं स्वतःच्या डबीतून चिमूट दिली. तो कुंदन आता पर्वत पाटिया भागातल्या साड्यांच्या दुकानात काम करतो, त्याच्या कानशिलांवर पांढरे केस दिसायला लागलेत. इतक्या वर्षांत मिसरीवाचून तिची एकही सकाळ गेली नव्हती. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही, डोकं हलकं व्हायचं नाही, हाताला काम सुचायचं नाही.

आणि सकाळची बैठक! नळाला पाणी यायच्या आधी गल्लीतल्या बायका धुरपदाबाईच्या पायरीवर जमायच्या. बोट दातांवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंड भरलेलं असूनही गप्पा चालू. दिवसभरात पुष्पाबाईला स्वतःसाठी बसायला मिळे ते एवढंच.

"काय वं पुष्पा, आज मिसरी नही?" धुरपदाबाईनं विचारलं.

"दात दुखी राह्यना."

"मंग ते लावालेच पाहिजे! ले." धुरपदाबाईनं मायेनं डबी पुढं केली.

पुष्पाबाईनं हात मागं घेतला आणि रिकामी कळशी उचलून घरी आली. पाणी नंतर बन्सीलालनं लंगडत आणलं.

तिला बडीशेप कुणी दिली नाही. द्यायची कशाला, सोडतेय हे ठाऊकच नव्हतं कुणाला. बाई तोंड धुवायची पद्धत बदलते, त्यात पाठ काय थोपटायची? डोकं ठणकायचं तेव्हा ती फडकं घट्ट बांधून भाकरी थापायची. पोट दगडासारखं झालं. एकदा वरणात मीठ जास्त पडलं म्हणून एवढी रडली की बन्सीलाल घाबरला.

"तुना राग कोनावर शे?" त्यानं विचारलं.

"कोनावरच नही. जेवा गुपचूप."

एका दुपारी, तो मिलमध्ये असताना, तिनं लावलीच. धुरपदाबाईकडं विरजण मागायला गेली होती, डबी उघडीच होती. पायरीवर बसून डोळे मिटून लावली. घरी येऊन खळाखळा चुळा भरल्या, मिठानं दात घासले, आणि दुसऱ्या सकाळपासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला पुष्पाबाईचा हा दिवस सगळ्यांत जास्त आवडतो. न घसरता चालणाऱ्या सुपडूचं कौतुक आहेच, पण पडून, कपडे झटकून, कुणाला न सांगता पुन्हा उठणाऱ्या बाईपुढं मी मान झुकवतो.

थंडी सरली तेव्हा अंगठ्याचं टोक गेलं होतं, पण जखम कोरडी झाली होती. वरचा पाय शाबूत होता. डॉक्टरबेननं बोटांनी दाबून पाहिलं आणि खुशीनं हसली.

"शाबाश काका! बहुत कम लोग छोड पाते हैं. पैर बच गया आपका."

बन्सीलालनं बायकोकडं बोट केलं. म्हणाला, "बेन, इसने भी छोडी. मेरे वास्ते."

"आपने क्या छोडा, मासी?"

पुष्पाबाईनं पदर सारखा केला. "काही नही, बेन. दात घासानं भुकं व्हतं."

दोघं बमरोली रोडनं पायी निघाली. पाय दुखायला लागल्यापासून या रस्त्यानं चालताना थोड्या थोड्या अंतरावर बन्सीलालच्या पोटऱ्यांत गोळा यायचा. तो थांबायच्या आधीच पुष्पाबाई थांबायची. भाजीच्या गाडीपाशी जाऊन भाव विचारायची, वांगी उलटीसुलटी करायची, काही न घेता पुढं निघायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, बाईमुळं थांबलेत. या गोष्टीवर दोघं कधी एक शब्द बोललेली नव्हती.

आज त्याचा पाय न थांबता चालत होता. वळणावर किराणा दुकानापुढं सुट्ट्या तंबाखूची पोती उघडी मांडली होती. वाऱ्याबरोबर वास आला आणि पुष्पाबाईचे पाय जागीच थांबले. डोळे पोत्यावर, आणि उजव्या हाताचं बोट आपोआप ओठांपर्यंत गेलेलं. दुकानदारानं वर पाहिलं. "बोलो मासी, कितना दूं?"

बन्सीलाल दोन पावलं पुढं गेला होता. त्यानं वळून पाहिलं. तो हाक मारून बोलावू शकला असता, हात धरून ओढू शकला असता. तसं काही न करता तो शेजारच्या भाजीच्या गाडीपाशी गेला. जन्मात कधी भाजी न आणलेल्या त्या माणसानं एक गिलकं उचललं.

"भाई, गिलके कैसे दिये?"

गाडीवाल्यानं भाव सांगितला. बन्सीलालनं गिलकं खाली ठेवलं, दुसरं उचललं, देठ पाहिला, पुन्हा भाव विचारला. मग काकड्यांचा विचारला. पुष्पाबाईकडं त्यानं बघितलं नाही.

काही वेळानं तिच्या बांगड्यांचा आवाज जवळ आला. ओठांपर्यंत गेलेला हात आता रिकामाच पदराखाली होता.

"काय लेतस?" तिनं विचारलं.

"काही नही. भाव इचारी राह्यनू."

तिनं त्याच्या हातातल्या गिलक्याकडं पाहिलं. "ते जून शे. ठेवा खाले."

त्यानं ठेवलं, आणि दोघं चालू लागली.