पेवातली काळी ज्वारी

भगत भावसिंग घुमत होता आणि अख्खा तांडा हात जोडून उभा होता. मी पांढरकवड्याचा जनावरांचा डॉक्टर. असली घुमणी पाहून पाहून १९६४च्या त्या उन्हाळ्यात मला अगदी वीट आला होता.

"पेव उघडलं! मरीआई जागी झाली! रक्त पाहिजे!" भावसिंगच्या अंगातली देवी ओरडत होती. देवीला तांड्यातल्या दुभत्या जनावरांची बरीच माहिती होती. "हंसाबाईची बकरी आणा! काळी ज्वारी माह्या ठाण्यावर वाहा!"

चमत्कार खरा वाटावा असाच होता. दरवर्षी जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की कोंबड्या मरत. ज्यांनी पेवातली काळी ज्वारी देवीला वाहिली, त्यांच्या वाचत. विधवा हंसाबाईनं ती कोंबड्यांपुढे टाकली, आणि तिच्या सगळ्या मेल्या.

"बकरी नाई देली तर नात गंगी मरन म्हणते," हंसाबाई मला म्हणाली. "आन् देली तर गंगीले दूध कोठून पाजू?"

भगताच्या कोंबड्या मात्र अख्ख्या तांड्याच्या कोंबड्या पीत त्याच डबक्याचं पाणी पिऊन टुणटुणीत होत्या. त्याची बायको सोनीबाई दारात उभी होती. तिला मी विचारलं, "बाई, तुमच्या कोंबड्या काहून मरत नाहीत?"

"आमी त्यायले काळी ज्वारी देतच नाई," ती सहज बोलून गेली. "हे म्हणते, खाल्ली का मरते. देवीले आलेली बी नाल्यात फेकून देते."

घुमणं एकदम थांबलं.

मग मी सांगितलं. पेवाच्या कडेला ओल लागते, तिथल्या ज्वारीवर बुरशी चढते आणि ती काळी पडते. त्या बुरशीचं विष कोंबडीची रोगाशी झुंजायची ताकदच खाऊन टाकतं. मग एरवी तिला काही न करणारे डबक्यातले जंतू तिला मारतात. विलायतेत बुरशी लागलेल्या पेंडीनं टर्की कोंबड्या मेल्याचं नुकतंच वाचलं होतं. बाकीचा अंदाज माझा. बाबांनो, नवस बोलण्याआधी ज्वारी नाकाशी धरा. कुबट वास आला तर पुरून टाका. हे मी किती तांड्यांत सांगितलं असेल, आणि अजून किती ठिकाणी सांगावं लागणार!

हंसाबाईनं ठाण्याजवळ आणलेल्या बकरीचा दोर सोडवून घेतला. जाता जाता ती थबकली.

"मंग माह्या कोंबड्या मीच मारल्या का जी?"

"नाही बाई," मी म्हणालो. "ज्याला ठाऊक होतं आणि जो बोलला नाही, त्यानं मारल्या."