दोन नमस्कार

"एवढे कंदील! आणि हे पांढरे कशाला गं?" बाबांनी विचारलं.

"असेच. चला, तिकडे रंगीत आहेत," म्हणत मी त्यांची बाही ओढली.

जोग्येसा देवळाच्या अंगणात रंगीत कंदील जिवंत माणसांच्या नावाचे आणि पांढरे गेलेल्यांचे, हे सोलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांची हयात गेली डोंगरातल्या कोळशाच्या खाणीत. पांढऱ्यांत एक त्यांच्याच नावाचा होता.

सासर मास्तरांचं घराणं, आणि माझे वडील पिऊन रस्त्यात पडणारे खाणकामगार. लग्न ठरताना मी थाप मारली, वडील खाणीत दगावले. बाबांना मात्र कळवलं, की समारंभ नव्हताच, लग्न नुसत्या सहीवर उरकलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं सासूबाई दर बुद्धजयंतीला माझ्या वडिलांचा कंदील लावतात. तेव्हा मला बाबांची लाज वाटायची. आता माझीच वाटते, पण आज सांगू, उद्या सांगू म्हणत मी दिवस ढकलले.

मरायच्या आधी बाबांना हे देऊळ बघायचं होतं. सासूबाई आज दवाखान्यात जाणार, म्हणून मी बाबांना घेऊन आले.

"सूनबाई! तू इथे?"

मी वळून पाहिलं. सासूबाईच होत्या, काखेत चटई. "डॉक्टर मेला आलाच नाही. हे कोण?"

"आमच्या गावचे काका." माझी जीभ जराही अडखळली नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून म्हणाले, "हो, गावचाच मी."

"मग हिच्या वडिलांना ओळखत असाल! हा बघा त्यांचा कंदील. ह्वांग मान-सोक. खाणीत गेले बिचारे. कसे होते हो?"

बाबा कंदिलाखाली लटकणारी नावाची चिठ्ठी वाचत राहिले. माझी मान वर होईना.

"प्यायचा जरा," ते म्हणाले. "पण पोरीवर जीव होता त्याचा."

"करा की मग नमस्कार दोस्ताला." सासूबाईंनी चटई अंथरली.

आमच्यात जिवंत माणसाला एक नमस्कार घालतात, मेलेल्याला दोन. बाबांनी गुडघे टेकले, कपाळ टेकवलं, कण्हत उठले आणि तसेच उभे राहिले. मी आता तरी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं होतं.

मी बोलले नाही. दुसऱ्या नमस्काराला त्यांचा गुडघा वाकेना. त्यांनी हात पुढे केला. तो धरून मीच त्यांना खाली बसवलं.